कोबीची बाहेरची पानं

बाबा, शेजारच्या बाईंचं घर विकलं गेलं. फाटकापाशी लावलेली विक्रीची पाटी काल दोन माणसं येऊन उपटून घेऊन गेली. बाई आता हॅमिल्टनला जातील, त्यांच्या मुलीच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांचं एक रेस्ट होम आहे तिथे. नव्वदीला टेकल्या आहेत, पण कान शाबूत आहेत आणि मतंही. तुम्ही त्यांना मॅडम म्हणायचात आणि त्यांना हसू फुटायचं, कारण त्यांना त्याआधी जन्मात कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मराठीत पत्र लिहायची माझी सवय गेली आहे, जोडाक्षरांपाशी हात अडखळतो. पण मागच्या आठवड्यात त्यांनी मला तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या कुणाची असती तर मी नवऱ्याला सांगून मोकळी झाले असते. तुमची आहे, म्हणून तुमच्याशीच बोलते आहे.

इथे मे महिना आहे, म्हणजे हिवाळा दाराशी आलेला. चार वाजले की ऊन पश्चिमेच्या डोंगरामागे जातं आणि सगळ्या खोऱ्यावर एकदम सावली पडते, अजून आकाश निळं असताना. तुम्हाला ते कधीच पटलं नाही. 'संध्याकाळ न होता दिवस संपतो इथे,' असं तुम्ही म्हणायचात. गेल्या आठवड्यात पहिला फ्रॉस्ट पडला. सकाळी गवत पांढरं, गाडीची काच पांढरी, आणि डेलियांची झाडं उकडल्यासारखी काळी होऊन माना टाकून उभी. मी त्यांना बोटभर ठेवून कापलं, कंद जमिनीतून काढून पडवीत वाळत घातले. लिंबाच्या झाडावर कापड टाकलं. लसणाच्या वाफ्यात खत मिसळून ठेवलं. आता हे सगळं मी विचार न करता करते, जसं तुम्ही शाळेत जाण्याआधी बुटांना पॉलिश करायचात तसं. पण तुम्ही आणि आई पहिल्यांदा आलात, तेव्हा आमच्या घरामागे नुसतं गवत होतं. नवरा महिन्यातून एकदा ते कापायचा आणि तेवढ्यालाच आम्ही बाग म्हणायचो.

तुम्ही मार्चमध्ये आलात. मला पाचवा महिना होता. आई माझ्यासाठी आली होती आणि तुम्ही आईबरोबर आला होतात, हे तुमच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. तीस-पस्तीस वर्षं अकोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, सकाळी उठून कुठे जायचं नाही, कुणाला रागवायचं नाही, वर्तमानपत्र नाही. पहिल्या आठवड्यात तुम्ही रोज दाढी करून, शर्ट खोचून, हॉलमधल्या खुर्चीत बसून राहायचात. मग एका शनिवारी उठलात आणि कुंपणापाशी जाऊन उभे राहिलात. पलीकडे बाई बटाटे काढत होत्या. तुम्ही म्हणालात, 'मॅडम, माती कशी आहे इथली?' त्या म्हणाल्या, 'नदीची आहे, चांगली आहे, पण दगड फार.' आणि त्यांनी तुम्हाला कुंपणावरून चार दात्यांचं फावडं दिलं. ते फावडं पुढे सगळा हिवाळा इकडून तिकडे जात राहिलं. त्याचं कारण मला मागच्या आठवड्यापर्यंत कळलं नव्हतं.

तुम्ही गवत सोलून काढलंत, दगड वेचून कुंपणाच्या कडेला रचलेत आणि वाफे केलेत. बाईंनी कोबीची रोपं दिली, ब्रॉड बीनचं बी दिलं, सिल्व्हरबीट दिलं. सिल्व्हरबीट बघून आई म्हणाली, 'हा तर पालक, पण अंगानं थोराड.' कोथिंबीर तुम्ही आपल्या मनाने पेरलीत. बाई म्हणाल्या, उशीर झालाय, फ्रॉस्ट खाईल. तुम्ही मान हलवलीत आणि पेरलीतच. ती उगवली, चांगली बोटभर झाली, आणि एप्रिलच्या शेवटी एका सकाळी तुम्ही मला हाक मारून बाहेर बोलावलंत. मी पोटावर शाल ओढून दारात येते, तर तुम्ही वाफ्याशी उकिडवे बसलेले. पानापानावर बारीक मीठ भुरभुरल्यासारखं पांढरं होतं. तुम्ही बोट लावलंत, बोटाची उष्णता लागून ते विरघळलं, आणि खालचं पान काचेसारखं, मेलेलं. 'अकोल्यात जळायची तशीच जळली,' तुम्ही म्हणालात. मग आत जाऊन आईच्या जुन्या दोन चादरी घेऊन आलात. आपल्या अंगणात उन्हाळ्यात तुम्ही मोगऱ्यावर ओलं गोणपाट टाकायचात ते मला आठवलं. तुम्हालाही तेच आठवलं असणार, कारण तुम्ही म्हणालात, 'झाकणं तर येतं आपल्याला. ऊन असो की हे असो.' त्या सकाळी तुम्ही खुशीत होतात. तुम्हाला इतकं खुशीत मी तुमच्या निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं, आणि पुढे फारसं पाहिलंही नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पण ते सोडून पुढे जाता येत नाही. मे महिन्यात, एका बुधवारी, ट्रेनने वेलिंग्टनहून परत येताना माझ्या लक्षात आलं की बाळ दुपारपासून हललं नाही. समुद्राच्या कडेने गाडी येत होती, मी खिडकीशी बसून पोटावर हात ठेवून वाट बघत होते. स्टेशनवर तुम्ही घ्यायला आला होतात, रोज यायचात. मी म्हणाले, 'बाबा, घरी नको, हॉस्पिटलमध्ये जाऊ.' तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत. नवऱ्याला फोन केला, तो गाडी घेऊन आला. तिथे मशीन लावणाऱ्या मुलीने पडदा स्वतःकडे वळवून घेतला आणि डॉक्टरला बोलावते म्हणाली, तेव्हाच मला कळलं.

दुसऱ्या दिवशी तो जन्मला. मुलगा होता. मिडवाइफ फार मायेची होती, माओरी होती. तिने त्याला वेताच्या छोट्या टोपलीत निजवून माझ्याशेजारी आणून ठेवलं आणि त्याच्याशीही बोलली, जसं जिवंत मुलाशी बोलावं तसं. मग हळूच विचारलं, 'ह्याचं नाव काय?' मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. आपल्यात नाव बारशाला ठेवतात. बारशाच्या आत कोण नाव ठेवतं? नवरा म्हणाला, 'अजून ठेवलं नाही.' ती म्हणाली, काही हरकत नाही. तुम्ही खिडकीपाशी उभे होतात, आमच्याकडे पाठ करून. आई टोपलीपाशी बसून मोठ्याने रडत होती. मग तुम्ही वळलात, टोपलीजवळ आलात, हात जोडलेत आणि त्रिसरण म्हटलंत. आवाज तसाच, शाळेत हजेरी घेतानाचा, एका अक्षरावरही न थरथरलेला. मला तेव्हा तो आवाज सहन झाला नाही. पुरायला नेताना ती पांढरी पेटी गाडीत तुमच्या मांडीवर होती. तुम्ही दोन्ही हात तिच्यावर ठेवून सरळ समोर बघत होतात. वळण आलं की हात जरा घट्ट करायचात. मी मागच्या सीटवरून फक्त तुमचे हात बघत होते.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. हे मी तुम्हाला कधी बोलले नसते, आणि आज बोलवतं आहे ते तुम्ही गेलात म्हणूनच. अंगाला कापड लागू देववत नव्हतं, ताप भरला, आणि ज्याच्यासाठी ते होतं तो डोंगराच्या पायथ्याला मातीत होता. मिडवाइफ घरी आली. तिने आईला सांगितलं, कोबीची पानं फ्रिजमध्ये गार करून छातीवर ठेवा, ठणका कमी होतो. आईला इंग्रजी अर्धंच कळलं. तिने तुम्हाला विचारलं असणार, कारण तुम्ही मधल्या दारात उभे राहून तिला मराठीत सांगितल्याचं मला ऐकू आलं, शब्द मोजून, मान खाली घालून. दुसऱ्या सकाळपासून फ्रिजमध्ये स्टीलच्या ताटात कोबीची पानं असायची. धुतलेली, पुसलेली, मधली जाड शीर सुरीने काढून टाकलेली. रोज ताजी. मी समजत होते की आई आणते.

एका सकाळी मी खिडकीतून पाहिलं. गवत पांढरंधोप होतं, तुमच्या तोंडातून वाफ निघत होती. तुम्ही कानटोपी घालून कोबीच्या वाफ्यात बसला होतात आणि एकेका रोपाची बाहेरची पानं हाताने वाकवून मोडत होतात, त्यावरचा बर्फ बाहीने पुसत. रोपं अजून लहान होती, गड्डा धरायच्या बेताला आलेली. बाहेरची पानं काढली की गड्डा धरत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी आपल्या एकाही कोबीला गड्डा आला नाही. बाई कुंपणावरून बघायच्या आणि बोलायच्या नाहीत, आणि त्या काही न बोलणाऱ्यांतल्या नव्हेत.

बाबा, तरीही मला तुमचा राग येत होता. आई माझ्या उशाशी बसून रडायची. नवरा रडायचा, ऑफिसमधून येऊन बाथरूममध्ये. तुम्ही मात्र जेवण झालं की बूट चढवून बाहेर. दिवसभर फावड्याचा दगडावर घासल्याचा आवाज यायचा. आई म्हणायची, 'ह्या माणसाचं काळीज दगडाचं आहे काय, कळत नाही मले.' मी काही म्हणायची नाही, पण मला पटायचं. जूनमध्ये, इथला सगळ्यात लहान दिवस येतो त्या सुमाराला, तुम्ही माझ्या खोलीच्या दारात आलात. मी अंथरुणातच होते, दुपार झाली तरी. पडदे बंद होते.

'ऊठ,' तुम्ही म्हणालात. 'लसूण लावायचा आहे. आजच लावतात इथे. मला वाकवत नाही.'

रोज सकाळी कोबीत वाकणारा माणूस. मी म्हणाले, 'बाबा, मला नाही यायचं.'

'जाकीट घाल. वारं दक्षिणेचं आहे.'

मला काय झालं कळलं नाही. मी उठले ती भांडायलाच उठले. बाहेर येऊन तुमच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, 'माझं बाळ जाऊन महिना नाही झाला आणि तुम्हाला लसणाची पडली आहे. काही वाटत नाही का तुम्हाला?'

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं आता रागवाल, शाळेत रागवायचात तसं, आवाज न चढवता. तुम्ही म्हणालात, 'धर.' आणि माझ्या तळहातावर लसणाची एक पाकळी ठेवलीत.

मी ती मातीत खुपसली. तुम्ही वाकलात, ती काढलीत, आणि परत माझ्या हातात दिलीत. 'उलटी लावलीस. टोक वर. उलटी लावली तरी येते ती, पण खालून वळून यावं लागतं. उगाच दमते.' मग दुसरी दिलीत, तिसरी दिलीत. आपण वाफ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. हात बधिर झाले, नाक गळायला लागलं. शेवटी वाळलेला वाटाण्याचा पाला पसरायचा होता, तो तुम्ही गठ्ठ्यातून काढून देत होतात आणि मी पसरत होते. त्या पाल्याला ऊबदार, घोड्याच्या तबेल्यासारखा वास येत होता. मला त्या वासाने भूक लागली. महिन्याभरात पहिल्यांदा. आई दारात उभी होती, मी आत येऊन भाकरी मागितली तेव्हा तिने तोंडाला पदर लावला.

त्यानंतर तुम्ही मला रोज बाहेर काढायला लागलात. बसने जाऊन माझ्यासाठी लाल गमबूट आणलेत, एक नंबर मोठे. 'मोजे जाड घाल,' एवढंच म्हणालात. जुलैत बाईंकडे गुलाब छाटायला नेलंत. कोरडा दिवस बघून छाटायचे, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या वर, तिरका काप. तुम्ही शिकत होतात आणि शिकता शिकता मला शिकवत होतात. मी कात्री चालवायची आणि तुम्ही पडलेल्या काट्या गोळा करायचात. ऑगस्टमध्ये ब्रॉड बीनला काळी-पांढरी फुलं आली. मी नोकरीवर परत गेले. संध्याकाळी स्टेशनवर तुम्ही असायचातच, हातात टॉर्च घेऊन.

ऑक्टोबरच्या शेवटी इथे लेबर वीकेंडची सुट्टी असते, त्यानंतर टोमॅटो लावायचे, आधी नाही, असा इथल्या सगळ्यांचा नेम. तुमचा व्हिसा त्याच्याआधी संपला. रोपं बाईंच्या ग्लासहाउसमध्ये, म्हणजे त्यांच्या त्या काचेच्या खोलीत वाढवून ठेवली होतीत, मला सतरा सूचना देऊन ठेवल्या होत्यात. एअरपोर्टवर आईने मला मिठी मारली, तुम्ही डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, 'लसणाचं पाणी डिसेंबरात बंद कर. नाहीतर सडेल.' मी हो म्हणाले. नाताळच्या आधी मी तो काढला, वेण्या घालून गॅरेजमध्ये टांगला, फोटो पाठवला. तुम्ही लिहिलंत, 'बरा आहे.'

दोन वर्षांनी लेक झाली. तुम्हाला इथे यायला जमलं नाही, गुडघे गेले होते. आम्हीच तिला घेऊन अकोल्याला आलो, तुम्ही तिला खांद्यावर घेऊन अंगणभर हिंडलात, एकेका झाडापाशी थांबून. पुढच्या खेपेला ती तुमच्या मागे मागे झारी घेऊन फिरत होती. ती तीन वर्षांची असताना तुम्ही गेलात. तिकडे मेचा उन्हाळा, इकडे आत्तासारखीच पानगळ. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणात मोगऱ्यावर गोणपाट तसंच होतं, वाळून खडखडीत झालेलं. आई म्हणाली, 'शेवटपर्यंत बोलले नाहीत बाई काही. आतलं आतच ठेवलं त्यांनी.' मी तिच्या हातावर हात ठेवला. आत काय होतं ते मला कळलेलं नव्हतं.

आता मागच्या आठवड्याचं सांगते. बाईंनी मला फोन केला की घर द्यायच्या आधी बागेतलं जे हवं ते खणून घेऊन जा, नवीन लोकांना तिथे लाकडी डेक बांधायचा आहे, त्यांना फुलंबिलं नको आहेत. शनिवारी मी लेकीला घेऊन गेले. ती आता माझ्याहून उंच आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. बाई ग्लासहाउसच्या दारात खुर्ची टाकून, पायावर ब्लँकेट घेऊन बसल्या आणि काठीने दाखवत होत्या: तो जांभळा डेलिया घे, तो नको, त्याला दरवर्षी गोगलगाई खातात. आम्ही फावडं लांबून घालून, कंद न चिरता, माती झटकून क्रेटमध्ये ठेवत होतो. चहाच्या वेळेला त्यांनी मला आत बोलावलं. आत ऊब होती, जुन्या मातीचा आणि टोमॅटोच्या वाळल्या वेलांचा वास होता. कोपऱ्यात एक उलटी बादली होती. मी तिच्यावर बसले.

बाई म्हणाल्या, 'तुझे वडील तिथेच बसायचे.'

मला वाटलं रोपांविषयी बोलत आहेत. मी म्हणाले, 'हो, टोमॅटो इथेच वाढवले होते त्यांनी.'

'टोमॅटो नंतर. हिवाळ्यात यायचे. तुमचं बाळ गेलं त्यानंतर. रोज दुपारी फावडं परत करायला यायचे. मी म्हणायचे, ठेवा तुमच्याकडेच. तर म्हणायचे, नाही मॅडम, तुमचं आहे. मग आत येऊन त्या बादलीवर बसायचे आणि रडायचे.'

लेक दारात क्रेट घेऊन उभी होती, ती तिथेच थांबली.

'पहिल्या दिवशी मी घाबरले,' त्या म्हणाल्या. 'माझा नवरा गेला तेव्हाही मी पुरुषाला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी विचारलं, तुमच्या बायकोला बोलावू का? नको म्हणाले. म्हणाले, घरात दोघी रडतायत, जावई रडतो, तिथे अजून एक नको. मग मी बाहेर काम करत राहायचे आणि रेडिओ मोठा लावायचे. अर्ध्या तासाने ते यायचे, थँक यू मॅडम म्हणायचे, आणि उद्या लागेल म्हणून फावडं परत घेऊन जायचे.'

मी विचारलं, 'बोलायचे काही?'

'फार नाही. एकदा म्हणाले, माझा नातू सात महिन्यांचा होता. होता म्हणाले, बरं का. मी विचारलं, नाव काय? तर म्हणाले, नाव ठेवायचा मान आईबापांचा, त्यांनी नाही ठेवलं. पण मी आपलं माझ्यापुरतं ठेवलं आहे. आणि सांगितलं मला.'

बाबा, मी बादलीवरून उठले. मी विचारलं, 'काय नाव सांगितलं?'

त्या आठवायला लागल्या. डोळे मिटले, ओठ हलवून बघितले. तुमच्या भाषेतलं होतं, म्हणाल्या, लांब होतं, ऐकायला छान होतं. अर्थही सांगितला होता, उजेडाचं काहीतरी होतं, किंवा शांततेचं. त्यांनी दोन-तीन आवाज करून बघितले, त्यातला एकही नाव होत नव्हता. मग माझा हात धरला आणि म्हणाल्या, 'मला तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं. मला वाटलं तुला माहीत असेल.' मी म्हटलं, राहू द्या, आठवेल तेव्हा फोन करा. त्यांना आठवणार नाही हे त्यांनाही माहीत आहे. घरी येताना लेक म्हणाली, 'मम, आजोबा हॅड अ नेम फॉर हिम?' मी हो म्हणाले. तिने क्रेट फाटकावर टेकवला आणि म्हणाली, 'दॅट्स रिअली सॅड, अँड ऑल्सो काइंड ऑफ नाइस.'

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल असतो. आई दादाकडे आहे, अकोल्यालाच, बरी आहे, कमी ऐकू येतं. सांगावं की नाही ह्यावर मी रात्रभर विचार केला. जी बाई इतकी वर्षं ह्या माणसाला काळीज नाही म्हणत आली, तिला आता ह्या वयात हे सांगून काय होईल, असं वाटत होतं. पण न सांगता मला तिच्याशी दुसरं काही बोलताच येईना. मी सांगितलं. ग्लासहाउस, बादली, रेडिओ, सगळं, मोठ्या आवाजात, एकेक वाक्य दोनदा. आई स्क्रीनवर कानाला हात लावून ऐकत होती. संपल्यावर तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

'मले माहीत होतं,' ती म्हणाली.

'काय माहीत होतं?'

'नळावर तोंड धुऊन येत होते ते. बागेतल्या नळावर. एवढ्या थंडीत कोणी बाहेर तोंड धुते काय? डोळे लाल. मी म्हटलं, राहू द्या बापा, त्यांले वाटते कोणाले कळत नाही, तर नाही कळत.'

'मग तू त्यांना दगड का म्हणायचीस?'

'त्यांच्यासमोर म्हणायची मी. म्हणजे त्यांले वाटावं, मले कळलं नाही.'

मी तिला नाव विचारलं. तिला तुम्ही सांगितलं नव्हतं. ती ह्या गोष्टीने दुखावेल असं मला वाटलं होतं, पण ती वर छताकडे बघून म्हणाली, 'मले सांगितलं असतं तर मी हाका मारत बसली असती घरभर. तू ऐकली असती. म्हणून नसेल सांगितलं.' मग दादाची सून चहा घेऊन आली आणि फोन कलता झाला, मला नुसता पंखा दिसत राहिला.

तेव्हापासून मी ते नाव शोधते आहे. ट्रेनमध्ये, भांडी घासताना. उजेडाची नावं, शांततेची नावं, आपल्या घरात ठेवतात तशी. तुम्ही वर्गात मुलांची नावं किती आवडीने, पूर्ण उच्चारून घ्यायचात ते आठवते आणि त्या हजेरीतलं कुठलं असेल ह्याचा अंदाज करते. कुठलंही असू शकेल. जगात ते नाव फक्त दोन माणसांना माहीत होतं, त्यातले एक तुम्ही गेलात, आणि दुसरीच्या डोक्यातून ते निसटलं. ते नाव आठवणारं आता कुणी नाही, असं मनात येतं तेव्हा मला तो दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतं. काय ठेवलं होतंत, बाबा?

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिलं. आता ते फाडून टाकेन किंवा ठेवून देईन, अजून ठरलेलं नाही. एक मात्र लिहिते. नाव मीही ठेवलं होतं. पाचव्या महिन्यातच, तुम्ही यायच्या आधी, वेलिंग्टनला जाताना ट्रेनमध्ये. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, बारशापर्यंत सांगायचं नाही म्हणून, आणि मग सांगायची वेळच आली नाही. मिडवाइफने विचारलं तेव्हा ते माझ्या तोंडात होतं. नवरा म्हणाला ठेवलं नाही, आणि मी ते तसंच गिळलं. तुमचं आणि माझं एकच असेल असं नाही, बहुतेक नसेलच. इथे लिहीन म्हणून बसले होते. तीनदा पहिलं अक्षर लिहिलं आणि खोडलं. नाही लिहवत.